शांत प्रवाहाचा चोख हिशेब

सायंकाळीं देवघरांत उदबत्ती लावली आणि वारा अगदीं पडलेला असला, म्हणजे तिचा धूर प्रथम वीतभर सुतासारखा सरळ वर जातो. पुढें तो किंचित् डोलूं लागतो, डोलतां डोलतां त्याला वेलांट्या पडतात, आणि मग एकाएकीं विस्कटून तो खोलीभर पसरतो. हें दृश्य आमच्या प्रत्येक वाचकानें लहानपणापासून पाहिलें आहे. परंतु तो सरळ धूर नेमका कोठें मोडतो आणि कां मोडतो, हा प्रश्न किती जणांनीं स्वतःला विचारला असेल? प्रश्न पोरकट वाटतो खरा. पण त्याच जातीच्या एका प्रश्नानें शंभराहून अधिक वर्षें मोठमोठ्या गणितज्ञांना गुंतवून ठेविलें आहे. विमानाला इंधन किती लागेल, अवकाशांतून परतणाऱ्या यानाचें कवच किती तापेल, या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. त्या प्रश्नाची, आणि विशेषतः त्याच्या सहसा दुर्लक्षिल्या जाणाऱ्या पूर्वार्धाची, ओळख आज आम्ही वाचकांस करून देणार आहों.

रंगाची रेघ

मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं १८८३ सालीं आपला प्रसिद्ध प्रयोग प्रकाशित केला. पाण्यानें भरलेल्या टांकींत त्यांनीं एक लांब कांचेची नळी आडवी बसविली आणि तिच्या तोंडाशीं रंगीत पाण्याची बारीक धार सोडली. पाणी हळू वाहत असतांना ती रंगाची रेघ नळीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जशीच्या तशी राही. जणूं पाण्याचे थर एकमेकांत न मिसळतां एकमेकांवरून सरकत आहेत. अशा प्रवाहास स्तरीय प्रवाह म्हणतात. वेग वाढवीत नेला म्हणजे कांहीं अंतरावर ती रेघ एकदम फिसकटे व सर्व पाणी रंगून जाई. हा संक्षुब्ध प्रवाह होय. वेग आणि नळीचा व्यास यांचा गुणाकार करून त्यास, घनतेच्या मानानें मोजलेल्या पाण्याच्या चिकटपणानें भागिलें, म्हणजे एक निव्वळ आंकडा हातीं येतो. प्रवाहाचें हें स्थित्यंतर त्या आंकड्यावर अवलंबून असतें, असें रेनल्ड्स यांनीं दाखविलें. म्हणून त्यास रेनल्ड्स-अंक असें नांव पडलें आहे.

साधारणपणें नळींत हा अंक दोन हजारांच्या पुढें गेला कीं प्रवाह बिघडण्याचा संभव असतो. परंतु टांकींतील पाणी फार वेळ स्वस्थ ठेवून आणि नळीचें तोंड कर्ण्यासारखें रुंद व गुळगुळीत करून रेनल्ड्स यांनीं बारा हजारांच्या आसपासहि प्रवाह शांत राखून दाखविला. यावरून एक गोष्ट उघड झाली. शांत प्रवाह अस्तित्वांत असणें निराळें, आणि धक्का लागल्यावर तो टिकणें निराळें.

हा भेद समजण्यास घरांतील एक वाटी पुरे. वाटींत गोटी ठेवून तिला बोट लावलें, तर ती हिंदकळून पुन्हां तळाशीं येते. तीच वाटी पालथी घालून तिच्या माथ्यावर गोटी ठेवली, तर ती क्षणभर राहीलहि. पण नुसत्या फुंकरीनें गडगडेल. दोन्ही ठिकाणीं गोटी प्रथम स्वस्थच होती. फरक पडला तो तिच्याखालच्या पृष्ठभागाच्या वक्रतेमुळें. गोटी कोठें बसली आहे आणि तेथें वाटीला वांक कसा आहे, हें आधीं नीट ठाऊक नसेल, तर ती गडगडेल कीं नाहीं हें कोणीहि सांगूं शकणार नाहीं. वाचकांनीं हा दृष्टांत ध्यानांत ठेवावा; आमच्या लेखाचें सारें तात्पर्य त्यांत आहे.

साडेतीन मिलिमीटरांचें जग

१९०४ च्या ऑगस्ट महिन्यांत हायडेलबर्ग येथें गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तींत लुडविग प्रांट्ल या तरुण जर्मन प्राध्यापकांनीं एक छोटासा निबंध वाचला. हवा किंवा पाणी यांचा चिकटपणा फार थोडा असला, तरी ज्या वस्तूवरून तीं वाहतात तिच्या पृष्ठभागाला त्यांचा अगदीं खालचा थर चिकटूनच राहतो. तेथें वेग शून्य असतो. पृष्ठभागापासून दूर जावें तसा वेग वाढत जातो व थोड्याच अंतरावर तो बाहेरच्या वेगाइतका होतो. या मधल्या पातळ पट्ट्यास सीमास्तर म्हणतात. चिकटपणाचा सारा खेळ येथेंच चालतो. बाहेर तो विचारांत घेण्याचें फारसें कारण नाहीं, असा प्रांट्ल यांच्या निबंधाचा मथितार्थ होता.

हा स्तर किती पातळ असतो? सपाट, गुळगुळीत फळीवरून सेकंदास ३० मीटर, म्हणजे ताशीं १०८ किलोमीटर, वेगानें हवा वाहत असली, तर फळीच्या पुढल्या कडेपासून एक मीटर अंतरावर स्तरीय सीमास्तराची जाडी सुमारें साडेतीन मिलिमीटर भरते. तांदळाच्या दाण्याच्या लांबीहूनहि कमी. परंतु एवढ्याशा पट्ट्यांत काय चाललें आहे यावर फार मोठ्या गोष्टी ठरतात. रेनल्ड्स-अंक एक कोटि असेल, तर सबंध फळीवर प्रवाह संक्षुब्ध असतांना होणारें घर्षण, तो स्तरीय राहिला असतां होणाऱ्या घर्षणाच्या सुमारें सातपट असतें. पंखावरील स्तर जितका अधिक लांबवर शांत राहील, तितकें इंधन वांचेल.

या सीमास्तरांतील वेगाचा पहिला हिशेब प्रांट्ल यांचे शिष्य ब्लाझियस यांनीं १९०८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांचें समीकरण दिसावयास अगदीं लहान आहे. एका फलनाचें तिसरें अवकलज घ्यावें, त्यांत तें फलन व त्याचें दुसरें अवकलज यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग मिळवावा, बेरीज शून्य यावी, इतकेंच. परंतु याचें उत्तर कोणत्याहि परिचित सूत्रांत मांडतां येत नाहीं. शिवाय अडचण अशी कीं, उत्तरानें पाळावयाच्या तीन अटींपैकीं दोन पृष्ठभागावर आणि तिसरी अनंत अंतरावर असते. विहिरीच्या काठावर उभें राहून अंदाजानें दोर सोडावा, तो पाण्यापर्यंत पोंचला नाहीं तर वर ओढून पुन्हां सोडावा, तसा हा प्रकार आहे. ब्लाझियस यांनीं पृष्ठभागाकडून एक श्रेढी व बाहेरच्या बाजूनें दुसरें सूत्र आणून मध्यें दोहोंची गांठ घातली. पुढें १९३८ सालीं हॉवर्थ यांनीं याच हिशेबाचीं पांच दशांशस्थळांपर्यंत कोष्टकें तयार केलीं. पृष्ठभागाशीं वेग कोणत्या प्रमाणांत वाढूं लागतो हें सांगणारा त्यांतील आंकडा ०.३३२०६ हा आहे.

दुसरा हिशेब

शांत प्रवाह असा कळला, तरी तो टिकेल कीं नाहीं हें अद्याप कळलें नाहीं. त्यासाठीं त्या प्रवाहावर मनानेंच एक अतिशय बारीक लहर सोडावयाची आणि ती पुढें जातांना वाढते कीं विरते हें पाहावयाचें. या लहरीचें समीकरण ऑर यांनीं १९०७ सालीं आणि झोमरफेल्ड यांनीं १९०८ सालीं स्वतंत्रपणें मांडलें. त्या दोघांच्या नांवांनींच तें ओळखलें जातें. समीकरण मांडणें एक आणि सोडविणें एक! झोमरफेल्ड यांचे शिष्य वेर्नर हायझेनबर्ग यांनीं, पुढें पुंजयामिकीमुळें जगप्रसिद्ध होण्यापूर्वीं, आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठीं हाच विषय घेतला. दोन समांतर भिंतींमधील प्रवाह मोठ्या रेनल्ड्स-अंकास अस्थिर होतो, असा त्यांचा १९२४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष होता. पण त्यांची रीत आसन्न होती, आणि १९२६ सालीं फ्रिट्झ नोएथर यांनीं नेमकें याच्या उलट जाणारें प्रतिपादन केलें. वाद कित्येक वर्षें मिटेना. अखेर जॉन फॉन नॉयमान यांच्या सूचनेवरून टॉमस यांनीं न्यूयॉर्क येथील एका मोठ्या गणकयंत्रावर तें समीकरण सरळ आंकड्यांनीं सोडविलें, आणि १९५३ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें: प्रवाह अस्थिर होतो, आणि तो ५,७८० च्या सुमारास. १९७१ सालीं ऑर्सझॅग यांनीं अधिक सूक्ष्म रीतीनें तो आंकडा ५,७७२.२२ असा निश्चित केला. हायझेनबर्ग यांचें म्हणणें खरें ठरलें.

येथें एक गोष्ट वाचकांच्या नजरेंतून निसटूं नये. दोन भिंतींमधील शांत प्रवाहाचा वेग हा साधा परवलय आहे. तो शाळेंतील मुलालाहि बिनचूक लिहितां येतो. म्हणून टॉमस व ऑर्सझॅग यांना फक्त लहरीचाच हिशेब करावा लागला. सीमास्तराची गोष्ट तशी नाहीं. तेथें शांत प्रवाहहि आधीं आंकडेमोडीनेंच काढावा लागतो, आणि त्या आंकडेमोडींत राहिलेली चूक पुढच्या हिशेबाच्या पायांत जाऊन बसते. प्रांट्ल यांच्या गोटिंगेन येथील मंडळींपैकीं टोलमीन यांनीं १९२९ सालीं सीमास्तराच्या अस्थिरतेचा पहिला मोठा हिशेब केला, तेव्हां स्तराच्या एका विशिष्ट जाडीवर मोजलेला आरंभाचा अंक त्यांना ४२० मिळाला. त्यांना शांत प्रवाहाची आकृति सोप्या सूत्रांच्या तुकड्यांनीं जोडून घ्यावी लागली होती, आणि लहरीचें समीकरणहि आसन्न रीतीनें सोडवावें लागलें होतें. पुढें गणकयंत्रांवर दोन्ही हिशेब काटेकोर झाले तेव्हां तो अंक सुमारें ५२० ठरला. आमच्या वरील फळीवर याचा अर्थ असा कीं, लहरी वाढूं लागण्याची जागा कडेपासून तीन सेंटिमीटरांवर नसून साडेचार सेंटिमीटरांवर आहे. टोलमीन यांची थोरवी यानें मुळींच कमी होत नाहीं. हातानें केलेल्या आंकडेमोडीची मर्यादा मात्र दिसते.

वक्रतेचा जांच

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. लहरीच्या समीकरणांत शांत प्रवाहाचा नुसता वेग येत नाहीं. त्या वेगाची वक्रताहि, म्हणजे त्याचें दुसरें अवकलज, येते. लॉर्ड रॅले यांनीं १८८० सालींच दाखविलें होतें कीं, चिकटपणा सोडून दिला तर ज्या प्रवाहाच्या आकृतींत वक्रतेची दिशा पालटणारा बिंदु मुळींच नाहीं, त्यांत लहर वाढूं शकत नाहीं. म्हणजे लहरीचें भवितव्य वेगापेक्षां त्याच्या वांकावर अधिक ठरतें. वाटी आणि गोटी यांचीच ही गोष्ट. पण वक्रता ही मोठी नाजूक वस्तु आहे. तिच्यापुढें वेगांतील नगण्य चूकहि नगण्य राहत नाहीं.

घरांतील विद्यार्थ्यानें कागद-पेन्सिल घेऊन पुढील गणित करून पाहावें. ब्लाझियस यांच्या सीमास्तराची जाडी पांच एकक धरली, तर आमच्या उदाहरणांत एक एकक सुमारें ०.७ मिलिमीटर होईल. पृष्ठभागापासून २.७, २.८ व २.९ एकक अंतरावरचे वेग, बाहेरचा वेग १ मानून, तीन दशांशस्थळांपर्यंत अनुक्रमें ०.७९३, ०.८१२ व ०.८२९ असे आहेत. वक्रता काढण्याची सोपी रीत अशी: दोन टोंकांच्या वेगांची बेरीज करावी, तींतून मधल्या वेगाची दुप्पट वजा करावी, आणि बाकीला अंतराच्या वर्गानें भागावें. बेरीज १.६२२, दुप्पट १.६२४, बाकी उणे ०.००२, अंतराचा वर्ग ०.०१, म्हणून वक्रता उणे ०.२. खरें उत्तर मात्र उणे ०.११३ च्या सुमारास आहे! प्रत्येक वेगांतील चूक अर्ध्या सहस्रांशाच्या आंत होती. तीच वक्रतेंत येतां येतां उत्तर पावणेदोनपट करून गेली. कोणी म्हणेल, जागा आणखी जवळ जवळ घ्याव्या. तसें केल्यास काम उलट बिघडतें. आंकडे तेवढेच ठेवून अंतर निम्में केलें, तर या चुकीला चौपट होण्यास वाव मिळतो. पांच दशांशस्थळें घेतलीं तर मात्र वक्रतेंतील चूक ०.००२ च्या आंत राहते.

ज्यांनीं केवळ घर्षण काढण्यासाठीं सीमास्तराचा हिशेब केला, त्यांना तीन दशांशस्थळें पुरलीं, आणि त्यांत त्यांची चूक नव्हती. पण तेच कोष्टक उचलून कोणी स्थैर्याच्या हिशेबांत घातलें, तर घोटाळा ठरलेलाच. वाण्याचा तराजू धान्याला उत्तम. सोनें त्यानें तोलूं नये.

मग सोनाराचा तराजू कोणता? पहिली युक्ति अशी कीं, वक्रता वेगांच्या वजाबाकींतून काढावयाचीच नाहीं. वेग, त्याचें पहिलें अवकलज व दुसरें अवकलज यांना आरंभापासूनच स्वतंत्र अज्ञातें मानून तीं बरोबरीनें सोडवीत जावयाचें. म्हणजे तिन्हींची अचूकता सारखी राहते. ब्लाझियस यांच्या समीकरणांत तर वक्रता मूळ फलन व त्याचें दुसरें अवकलज यांच्या गुणाकारावरून आयतीच मिळते. दुसरी युक्ति ताळ्याची. एकदां हिशेब झाल्यावर पायऱ्या निम्म्या करून तो पुन्हां करावा आणि दोन्ही उत्तरें ताडून पाहावीं. एवढेंच नव्हे, तर त्या दोन उत्तरांच्या फरकावरून तिसरें व अधिक खरें उत्तर काढतां येतें, हें ल्यूइस रिचर्डसन यांनीं दाखवून दिलें. तिसरा ताळा भिंतीपाशीं मिळतो. सपाट फळीवर, बाहेरचा दाब सर्वत्र सारखा असतांना, अगदीं पृष्ठभागाशीं वक्रता शून्यच असली पाहिजे. हिशेबांत ती तशी येत नसेल, तर पुढें जाण्यांत अर्थ नाहीं. आणि चौथी सावधगिरी बाहेरच्या कडेची. अनंत अंतर यंत्रांत मावत नाहीं. म्हणून कोठें तरी थांबावें लागतें, पण तें थांबणें स्तराच्या पुरेसें बाहेर असलें पाहिजे.

प्रयोगाची साक्ष

टोलमीन व त्यांच्या मागून १९३३ सालीं लहरींच्या वाढीचा हिशेब करणारे श्लिख्टिंग यांच्यावर बाहेरच्या शास्त्रज्ञांचा फारसा विश्वास बसला नव्हता. कारण त्या लहरी प्रयोगांत कोणाला दिसल्याच नव्हत्या. वाताच्या बोगद्यांतील हवाच मुळांत इतकी अस्वस्थ असे, कीं त्या गोंगाटांत बारीक लहरींचा मागमूस लागणें शक्य नव्हतें. वॉशिंग्टन येथील शूबावर व स्क्रॅमस्टॅड यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बोगद्यांतील हवा असाधारण शांत केली, सीमास्तरांत धातूची एक पातळ फीत विद्युच्चुंबकानें थरथरविली, आणि तापलेल्या अतिसूक्ष्म तारेनें लहरींची वाढ मोजली. लहरी हिशेबानें सांगितल्या होत्या तशाच निघाल्या. युद्धामुळें हें काम गुप्त राहिलें आणि १९४७ सालीं तें जगापुढें आलें. इतक्या शांत हवेंत फळीवरील प्रवाह, कडेपासूनच्या अंतरावर मोजलेला रेनल्ड्स-अंक सुमारें २८ लाख होईपर्यंत स्तरीय राहिला.

हा आंकडा आमच्या फळीला लावून पाहावा. लहरी वाढूं लागतात साडेचार सेंटिमीटरांवर; प्रवाह मोडतो सुमारें १४० सेंटिमीटरांवर. मधल्या साऱ्या वाटेंत ती अदृश्य लहर चक्रवाढ व्याजानें वाढत असते. १९५६ सालीं अमेरिकेंत स्मिथ व गॅम्बेरोनी यांनीं आणि हॉलंडांत फान इंगेन यांनीं स्वतंत्रपणें असें सुचविलें कीं, या वाढीच्या बेरजेचा आंकडा नऊच्या सुमारास पोंचला म्हणजे स्थित्यंतर झालें असें धरावें. २.७१८ या संख्येचा नववा घात सुमारें ८,१०० येतो. लहर मूळच्या इतक्या पट झालेली असते. आतां शांत प्रवाहाच्या वक्रतेंतील ढिलाईमुळें वाढीचा दर दहांत एक भागानें चुकला असें समजा. बेरीज ०.९ नें चुकेल, आणि लहरीची उंची जवळजवळ अडीचपट अधिक किंवा तितकीच उणी येईल. चक्रवाढ व्याजांत दराची लहानशी चूक किती महाग पडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

लहरी पुरेशा वाढल्यावर प्रवाह एकदम सर्वत्र मोडत नाहीं. प्रथम संक्षोभाचे ठिपके उमटतात व तेच पसरत जाऊन एकमेकांत मिळतात. या मधल्या टापूचा अभ्यास बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंत सतीश धवन व रोद्दम नरसिंह यांनीं केला, आणि १९५८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या विषयांत आजहि मान्यता पावलेला आहे, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट होय.

ध्वनीहून अधिक वेगाच्या उड्डाणांत हिशेब आणखी अवघड होतो. तेथें घर्षणानें हवा तापते, विरळ होते, आणि तिचा चिकटपणाहि पालटतो. लीस व लिन यांनीं १९४६ सालीं दाखविलें कीं, अशा वेळीं केवळ वेगाची वक्रता न पाहतां वेगाच्या उतारास घनतेनें गुणून त्या गुणाकाराचा चढउतार पाहावा लागतो. म्हणजे वेगाबरोबर तपमानाचीहि आकृति तितकीच चोख पाहिजे. आणि जेथें प्रवाह संक्षुब्ध होतो तेथें उष्णतेचा मारा कित्येक पट वाढत असल्यामुळें, यानाच्या कवचाची जाडी ठरवितांना ही जागा चुकली तर ती चूक कागदावर राहत नाहीं.

असो. गणकयंत्रें कितीहि वेगवान झालीं, तरी तीं दिलेल्या पायावरच इमारत चढवितात. पाया तिरपा असला, तर वरचा मजला जितका उंच तितका अधिक झुकणार. वादळ केव्हां उठेल हें ज्याला सांगावयाचें आहे, त्यानें आधीं वादळापूर्वींची शांतता सूक्ष्मपणें मोजली पाहिजे. आणि ही मोजणी कोणाच्या डोळ्यांत भरणारी नसते, म्हणूनच तींत हयगय होण्याचा संभव अधिक. पुढल्या वेळीं उदबत्तीचा धूर वर चढतांना पाहून, तो जेथें मोडतो तेथेंच नव्हे, तर जेथें तो अजून सरळ आहे तेथेंहि वाचकांची दृष्टि क्षणभर थांबली, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.